दूध बाधते तेव्हा : बालकांची अन्न-ॲलर्जी, पोषण आणि वाढ

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



'ॲलर्जी' हा शब्द आज घराघरांत इतका रुळला आहे की, शिंका आल्या तरी ॲलर्जी आणि एखाद्या नातलगाचा सहवास नकोसा झाला तरी ॲलर्जी! मूळ शब्द मात्र एका बालरोगतज्ज्ञाने घडविलेला आहे. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये दोन ग्रीक शब्द जोडून तो तयार केला. शरीर एखाद्या पदार्थास नेहमीपेक्षा निराळा प्रतिसाद देते, एवढेच त्यांना सुचवावयाचे होते. अन्नाच्या बाबतीत ॲलर्जी म्हणजे शरीराच्या प्रतिकारसंस्थेने अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनास शत्रू समजून त्याच्याविरुद्ध उभे राहणे. हा विषय अंगावर उठणाऱ्या पित्तापुरता मर्यादित असता, तर त्यासाठी एवढा वेळ देण्याचे कारण नव्हते. प्रश्न आहे तो बालकाच्या वाढीचा.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगी आठ महिन्यांची, वजन 7.9 किलो, म्हणजे त्या वयाच्या मुलींचे जे मध्यम वजन, बरोबर तेवढे. उष्टावण झालेले आहे, अंगावरचे दूध चालू आहे. एके दिवशी तिला प्रथमच वाटीभर वरचे दूध पाजले जाते. अर्ध्या तासात तोंडाभोवती लाली येते, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, एक मोठी उलटी होते. आजी म्हणते, "दूध बाधलं." आजीचे हे निदान बहुधा अचूक असते. अशा प्रसंगी काय खाल्ले आणि किती वेळाने काय झाले, हे सांगणारी घरातील वडीलधारी व्यक्ती कोणत्याही यंत्राहून अधिक मोलाची माहिती डॉक्टरांना देते.

घोटाळा होतो तो त्यानंतर. दूध, दही, ताक, तूप सारेच बंद होते आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही. कोणी शेळीचे दूध सुचविते. त्यानेही पित्त उठते. मग एका रक्ततपासणीच्या अहवालात गहू, तूरडाळ, शेंगदाणा, केळे अशी यादी येते आणि भयभीत झालेली आई तेही सगळे बंद करते. उरते भाताची पेज, साबुदाण्याची लापशी आणि साखरपाणी. अंगावरचे दूधही "त्यातूनच जात असेल" म्हणून तोडले जाते. चौदाव्या महिन्यात मुलीचे वजन भरते 8.1 किलो. अंगणवाडीच्या तक्त्यावर तो ठिपका अजूनही हिरव्या पट्ट्यातच पडतो; म्हणून कोणी दचकत नाही. परंतु त्या वयाचे मध्यम वजन 9.4 किलो असते. सहा महिन्यांत केवळ 200 ग्रॅम! ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे, पण रेषा आडवी झाली आहे. एकेकट्या वजनापेक्षा सलग रेषेकडे पाहावे, असे बालरोगतज्ज्ञ वारंवार सांगतात ते याचसाठी.

या घरात कोणीही निष्काळजी नाही. प्रत्येक पाऊल मायेपोटीच टाकलेले आहे. तरीही वस्तुस्थिती अशी की, ॲलर्जीने त्या मुलीचे जेवढे नुकसान केले, त्याहून कितीतरी अधिक अंदाजाने वगळलेल्या अन्नाने केले.

पहिल्या दोन वर्षांत शरीर ज्या वेगाने वाढते, तो वेग पुढे आयुष्यात कधीही येत नाही. जन्मवेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षाअखेरीस तिप्पट होते. लांबी पहिल्या वर्षात सुमारे 25 सेंटिमीटर व दुसऱ्या वर्षात सुमारे 12 सेंटिमीटर वाढते. मेंदूच्या वाढीचाही हाच काळ. अशा वेळी पोषणात पडलेला खंड प्रथम वजनात दिसतो, दीर्घकाळ राहिला तर उंचीत उतरतो.

ॲलर्जीमुळे वाढ खुंटण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. काही बालकांत प्रतिक्रिया त्वचेवर न उमटता आतड्यात चालते. आतड्याचे अस्तर सुजते, अन्न नीट शोषले जात नाही, शौचातून थोडे थोडे रक्त जाऊन पंडुरोग होतो. तीव्र इसब असलेले मूल रात्रभर खाजवीत जागते. त्याची झोप व भूक दोन्ही बिघडतात. ज्याला दोन-तीनदा खाऊन त्रास झाला, ते मूल नव्या घासापुढे तोंडच मिटते. परंतु या सर्वांहून मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण म्हणजे पर्यायाविना वगळलेले अन्न.

याविषयी विदेशांत झालेले अभ्यास बोलके आहेत. फिनलंडमधील संशोधकांनी 1998 मध्ये दुधाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या 100 बालकांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दूध वर्ज्य केलेली ही बालके निरोगी बालकांच्या तुलनेत वाढीत मागे पडलेली आढळली. अमेरिकेत 2002 मध्ये अन्न-ॲलर्जी असलेली 98 मुले व नसलेली 99 मुले यांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन किंवा अधिक पदार्थांची ॲलर्जी असलेली मुले एकाच पदार्थाची ॲलर्जी असलेल्या मुलांपेक्षा उंचीने कमी होती. त्याच अभ्यासात एक दिलासादायक गोष्टही होती : ज्या कुटुंबांना आहारविषयक मार्गदर्शन मिळाले होते, किंवा ज्या मुलांना दुधाऐवजी योग्य पर्यायी पेय मिळत होते, त्यांच्यात कॅल्शियम व ड जीवनसत्त्व कमी पडण्याची शक्यता कमी होती. म्हणजे आजार तोच. फरक मार्गदर्शनाने पडला.

त्याआधी, 2001 साली, 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात एका 22 महिन्यांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध झाली होती. इसबाचा त्रास होता व दूध सोसत नाही असा समज होता, म्हणून त्यास तांदळापासून केलेले पेय 'दूध' म्हणून पाजले जात होते. त्या पेयात प्रथिने जवळजवळ नव्हतीच. परिणामी त्या मुलास 'क्वाशिओरकोर' हा अंगावर सूज आणणारा कुपोषणाचा गंभीर विकार झाला. दुष्काळी प्रदेशातील मुलांत दिसणारा हा आजार अमेरिकेसारख्या संपन्न देशातील एका घरात प्रकटला! भाताच्या पेजेवर ठेवलेल्या बाळाच्या आईने ही हकिकत अवश्य ध्यानात घ्यावी.

आता प्रश्न जैन स्वयंपाकघराचा. अंडी, मांस व मासे यांना येथे स्थान नाही, आणि शाकाहारावर मूल उत्तम वाढू शकते याविषयी आहारशास्त्रात शंका नाही. मात्र या आहाराच्या रचनेत दूध हा मध्यवर्ती खांब आहे. जेथे अंडी खाल्ली जातात, तेथे दूध वगळल्यावर अंड्याचा आधार उरतो. येथे तो नाही. बटाटा, रताळे, गाजर ही बाळाच्या पहिल्या घासातील नेहमीची कंदमुळेही अनेक घरांत नसतात. चातुर्मासात पालेभाज्याही थांबतात. अशा ताटातून दूधही उचलले, तर किती मोठी पोकळी पडते हे ध्यानी येईल. सुदैवाने यातील बहुतेक उणिवा सहज भरून निघतात. कच्चे केळे बटाट्याची जागा घेते, लाल भोपळा, पपई व आंबा गाजराची. एक उणीव मात्र कोणत्याही भाजीने, डाळीने वा फळाने भरून येत नाही. ती म्हणजे ब-12 जीवनसत्त्वाची.

रक्त तयार होण्यास व मज्जासंस्थेच्या वाढीस लागणारे हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसते. शाकाहारी माणसास ते दूध व दुधाच्या पदार्थांतूनच मिळते. माताच ब-12 मध्ये उणी असेल, तर तिच्या दुधातही ते उणेच उतरते. वेल्लूर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 1962 मध्येच 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा स्तनपानावरील भारतीय बालकांचे वर्णन केले होते. अशी बालके मलूल होतात, शिकलेल्या गोष्टी विसरतात, मान धरणारे बाळ मान टाकू लागते, हातपाय थरथरतात. महाराष्ट्रातही हा प्रश्न दूरचा नाही. पुण्याजवळच्या गावांतील गर्भवती मातांच्या दीर्घकालीन अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-12 कमी आढळले. तेव्हा ज्या बाळाचे दूध बंद झाले आहे, त्यास ब-12 चे थेंब देणे अपरिहार्य आहे. बाळासाठी मातेनेही दूध वर्ज्य केले असल्यास तिलाही ब-12 व कॅल्शियम द्यावे लागते. औषधातील ब-12 सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून तयार होते आणि थेंबांच्या स्वरूपात घेतल्यास जिलेटिनच्या कॅप्सूलचा प्रश्न उद्भवत नाही. ड-3 जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढलेले असते, हेही येथे नमूद करावयास हवे. ज्या घरास ते नको असेल, त्यांच्यासाठी ड-2 हा पर्याय आहे. हे प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच करू नये. औषध मनास न पटल्याने गुपचूप बंद करण्यापेक्षा स्पष्ट विचारणे केव्हाही बरे.

निदानाकडे वळताना प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. दूध प्यायल्यावर पोट फुगणे, गुबारा धरणे, जुलाब होणे हे प्रौढांत पुष्कळदा दिसते. ते दुधातील लॅक्टोज ही साखर न पचल्यामुळे होते. ती ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी दुधातील प्रथिनांची असते. म्हणून लॅक्टोजविरहित दूध ॲलर्जीच्या बाळास चालत नाही. त्याचप्रमाणे गव्हाने होणारा सीलिॲक हा आजारही निराळा असून, त्यातही मुलाची वाढ खुंटते. त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. आधीच गहू बंद केला तर तपासणी फसवी ठरते.

खऱ्या ॲलर्जीचे दोन प्रकार आहेत. एक तात्काळ होणारी : काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत पित्त, सूज, उलटी, खोकला, धाप. दुसरी विलंबाने, काही तासांनी वा दिवसांनी होणारी. तिची लक्षणे बहुधा आतड्याची असतात. पहिल्या प्रकारात त्वचेवरील टोचणी चाचणी व रक्तातील 'आयजीई' या प्रतिपिंडाची तपासणी उपयोगी पडते, परंतु पूर्वेतिहासाशी जुळत असेल तरच. केवळ अहवालात आकडा आला आणि मूल तो पदार्थ रोज निर्वेधपणे खात असेल, तर तो पदार्थ बंद करण्याचे कारण नाही. 'आयजीजी' या प्रतिपिंडावर आधारित, शंभर-शंभर पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्यांना तर ॲलर्जीच्या निदानात शास्त्रीय आधारच नाही. तो प्रतिपिंड मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे, एवढेच सांगतो. विलंबित प्रकारात या तपासण्या बहुधा नकारात्मक येतात. तेथे संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे थांबवून पुन्हा देऊन पाहणे, हाच विश्वसनीय मार्ग. तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

प्रमाणाविषयीही तारतम्य हवे. बंगळुरू व म्हैसूर येथील शाळकरी मुलांच्या पाहणीत, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अन्न-ॲलर्जीचे संभाव्य प्रमाण केवळ 0.14 टक्के आढळले. शाळकरी वयापर्यंत अनेकांची दुधाची ॲलर्जी ओसरलेली असते, हे लक्षात घेतले तरी आकडा लहानच आहे. घरोघरी "याला हे चालत नाही" म्हणून वर्ज्य केलेल्या पदार्थांची संख्या पाहता, बहुसंख्य मुले विनाकारणच उपाशी राहत असावीत, असे म्हणणे धाडसाचे ठरणार नाही. अर्थात खरी ॲलर्जी असेल, तर ती भारतीय ताटातील पदार्थांचीही असू शकते. मुंबईतील संशोधकांनी 1997 मध्येच हरभऱ्याच्या ॲलर्जीकडे लक्ष वेधले होते. बेसनाशिवाय ज्या घरात सण होत नाही, तेथे हे ठाऊक असलेले बरे.

दुधाची ॲलर्जी निश्चित झाल्यावर त्याच्या जागी काय द्यावे? सर्वप्रथम, अंगावरचे दूध तोडू नये. मातेने दूध घेतल्यावर बाळास खरोखर त्रास होत असेल, तरच मातेचा आहार बदलावा. म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असल्याने ते उपाय नव्हेत. 'ए-2' म्हणून विकले जाणारे दूधही नव्हे. तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून तेही विचारूनच. बदामाचे पाणीदार 'दूध' प्रथिनांत अत्यंत दुबळे असते. एक वर्षाच्या आतील बाळास अंगावरचे दूध पुरत नसेल, तर प्रथिनांचे सूक्ष्म तुकडे केलेले अथवा केवळ अमिनो आम्लांचे विशेष दुग्धपर्याय असतात. यांतील काही उत्पादनांत प्राणिज विकर वापरलेले असते. तेव्हा आपल्या तत्त्वात बसणारे कोणते, हे डॉक्टरांस आवर्जून विचारावे. सोयाबीनवर आधारित पर्याय सहा महिन्यांनंतर आणि सोया सोसते याची खात्री करूनच वापरतात.

घरच्या अन्नाचा हिशेब थोडा मांडून पाहावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी रोज 500 मिलिग्रॅम कॅल्शियम सुचविले आहे. गाईच्या 400 मिलिलिटर दुधात ते जवळजवळ पूर्ण मिळते. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते खरे. परंतु एवढेसे मूल दिवसाला 25-30 ग्रॅमच नाचणी खाईल, म्हणजे जेमतेम 100 मिलिग्रॅम. तीळ अधिक समृद्ध आहेत, मात्र दोन चमचे तिळाच्या पुढे बाळाची मजल जात नाही, आणि काहींना तिळाचीही ॲलर्जी असते. सारांश, नाचणीचे सत्त्व अवश्य द्यावे, पण त्यावर विसंबून कॅल्शियमचे औषध टाळू नये. प्रथिनांसाठी दाट मूगवरण, तुरीचे वरण व तांदूळ-डाळीची मऊ खिचडी. ऊर्जेसाठी प्रत्येक वाटीत चमचाभर तेल. वरणाचे वरवरचे पाणी हे वरण नव्हे, हे आज्यांना वेगळे सांगावयास नको. तरी ते बाळाच्या वाटीत पोहोचतेच!

एक लक्षणीय बाब अशी की, दुधाविना स्वयंपाक करण्याची कला या समाजाकडे आधीपासूनच आहे. आयंबिलाच्या स्वयंपाकात दूध, दही, तूप वर्ज्य असते आणि तरीही पदार्थांचे वैविध्य विस्मित करणारे असते. ॲलर्जी असलेल्या बालकाच्या घरास त्या अनुभवाचा उपयोग होईल. मात्र आयंबिल ही प्रौढाची तपश्चर्या. त्यात तेल व गोडही नसते. बाळाच्या वाढीस स्निग्धांश हवाच. तेव्हा त्या पाककृती घ्याव्यात, पण त्यात तेल घालून.

स्वामीवात्सल्य व सार्वजनिक भोजनाच्या प्रसंगी विशेष दक्षता हवी. वेष्टनावरील हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात दूध नाही असे सांगत नाही. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार दूध, शेंगदाणा, सोया, गहू, सुकामेवा आदींचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. ती बारीक अक्षरे वाचावीत. यजमानाने "थोडंसं चालतं" असा आग्रह करू नये. ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे वा मूल एकाएकी गळून जाणे, ही जिवावरची लक्षणे होत. अशा वेळी मांडीच्या स्नायूत अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार. ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहण्यात वेळ दवडू नये.

ज्यांच्या घरी बाळ अजून उष्टावणाच्या वयाचे आहे, त्यांच्यासाठीही शास्त्राने आपले मत बदलले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 मध्ये ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सांगितले होते. 2008 मध्ये तो सल्ला मागे पडला. लंडनमध्ये 640 बालकांवर झालेल्या व 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पहिल्या वर्षापासून नियमित शेंगदाणा खाणाऱ्या मुलांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. म्हणून सहा महिन्यांनंतर शेंगदाण्याचे कूट पातळ करून देण्यास भिऊ नये. बाळास तीव्र इसब असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत देऊ नये, तो घशात अडकतो.

शेवटी, दूध कायमचे गेले असे समजू नये. दुधाची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर ओसरते. म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी फेरतपासणी आवश्यक आहे. दीर्घकाळ भट्टीत भाजल्याने दुधातील काही प्रथिनांची रचना बदलते. त्यामुळे ॲलर्जी असलेल्यांपैकी बहुसंख्य मुले दूध घालून भाजलेला केक वा बिस्किट आधी पचवू लागतात. अनेकदा तेथूनच आरंभ होतो, मग शिजविलेले दूध, मग दही आणि सर्वांत शेवटी साधे दूध. ज्यांना पूर्वी तात्काळ प्रतिक्रिया आली होती, त्यांची ही परीक्षा रुग्णालयातच व्हावी. प्रथम थेंबभर, मग अर्धा चमचा, असे करीत वाटीपर्यंत जातात आणि त्यानंतर काही तास मुलास नजरेखाली ठेवतात. ती वाटी निर्विघ्नपणे पचली, तर डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात दूध घरी नियमितपणे चालू ठेवावे आणि महिन्याभराने मुलाचे वजन पुन्हा तक्त्यावर मांडून घ्यावे.